पाठ न टेकलेला माणूस

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त गावाकडच्या चुलतभावाचा फोन. तालमीची स्मरणिका निघणार आहे म्हणे. "दादा, तू इंटरनेटवर लिहितोस ना कायकाय, मग आजोबांवर दोन पानं दे की. फोटो आहे आमच्याकडं, फेट्यातला."

हो म्हणालो. आपल्या आजोबांवर लिहायला काय लागतं? तीन रविवार बसलो आणि एक परिच्छेद झाला. तोही असा, की कुठल्याही पैलवानाचं नाव घातलं तरी चालेल. चौथ्या रविवारी वही मिटली आणि कपाटातून 'रेजिंग बुल'ची जुनी डीव्हीडी काढली. सांगली जिल्ह्यातला एक पैलवान आणि न्यूयॉर्कमधला एक इटालियन मुष्टियोद्धा यांचा काय संबंध, असं विचाराल. तो पुढे येईल. आधी त्या मुष्टियोद्ध्याबद्दल सांगतो, कारण त्याच्याबद्दल निदान कागदोपत्री नोंदी तरी आहेत.

जेक लामोटा. जन्म १९२२, न्यूयॉर्क. बाप सिसिलीहून आलेला. वाढला ब्राँक्समध्ये. बाप त्याला आजूबाजूच्या पोरांशी मारामारी करायला लावायचा, बघे चिल्लर फेकायचे आणि ती गोळा करून घरभाड्याला लावली जायची. म्हणजे या मुलाची पहिली कमाईच मार देण्याघेण्याची. पुढे चोरीच्या प्रयत्नात पकडला गेला आणि सुधारगृहात गेला. तिथं रीतसर बॉक्सिंग शिकला. १९४१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, व्यावसायिक झाला.

त्याची पद्धत एकच. खाली वाकून पुढं घुसायचं, समोरच्याचे ठोसे अंगावर घ्यायचे आणि तो मारून दमला की आपण सुरू करायचं. हनुवटी दगडाची असल्यासारखी. 'ब्राँक्सचा बैल' हे नाव त्याला उगाच पडलं नाही. एकूण १०६ लढती, त्यातल्या ८३ जिंकल्या, १९ हरला, ४ बरोबरीत. आकडे चांगले आहेत, पण फार थोर नाहीत. त्याचं नाव राहिलं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे शुगर रे रॉबिन्सन आणि दुसरा हा सिनेमा.

रॉबिन्सनबद्दल थोडं सांगायला हवं. जाणकारांना विचाराल तर सर्व वजनी गटांत मिळून आजवरचा सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. लामोटा त्याच्याशी सहा वेळा लढला. पहिली लढत ऑक्टोबर १९४२ मध्ये, ती रॉबिन्सनने जिंकली. दुसरी ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटला. तोवर रॉबिन्सन ४० लढती लढला होता आणि ४० जिंकला होता. आठव्या राउंडमध्ये लामोटाने त्याला असा काही हाणला की गडी दोरांतून बाहेर गेला. निकाल लामोटाच्या बाजूने. (त्या दिवशी लामोटा वजनाने सुमारे ७ किलो जड होता, हेही सांगितलं पाहिजे.) यानंतर रॉबिन्सन थेट जुलै १९५१ मध्ये इंग्लंडच्या रँडी टर्पिनकडून हरला. मधली आठ वर्षं कुणाच्या हातून हरला नाही.

आणि मजा बघा, त्या पराभवानंतर अवघ्या तीन आठवड्यांत, २६ फेब्रुवारीला, हे दोघं डेट्रॉइटमध्येच पुन्हा उभे राहिले. मधे रॉबिन्सनने आणखी एक लढत खेळून घेतली होती! ही तिसरी लढत रॉबिन्सनने जिंकली आणि लगेच तो सैन्यात रुजू झाला. आजचे मुष्टियोद्धे वर्षाला दोन लढती खेळतात. तेव्हा ही माणसं गिरणी कामगारासारखी पाळीवर जायची.

१९४५ मध्ये आणखी दोन लढती झाल्या, दोन्ही रॉबिन्सनकडे. सहावी सगळ्यात शेवटी सांगतो.

आता ज्या गोष्टीमुळे मला लिहिताना अडखळायला होतं ती पहिली गोष्ट. १९४७ पर्यंत लामोटा मिडलवेट गटातला सर्वांत दमदार दावेदार होता, पण विजेतेपदाची लढत त्याला मिळत नव्हती. कारण साधं होतं. त्या काळात न्यूयॉर्कचं बॉक्सिंग फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो यांच्यासारख्या गुंडांच्या मुठीत होतं. कोण कुणाशी लढणार, कधी लढणार, कुणाला संधी मिळणार हे त्यांच्या संमतीशिवाय ठरत नसे. लामोटा त्यांना दाद देत नव्हता, म्हणून बाहेर होता. शेवटी वाकला. १४ नोव्हेंबर १९४७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली फॉक्स नावाच्या पोराशी त्याची लढत झाली. या फॉक्सचा मॅनेजर खुद्द पालेर्मो. ज्या लामोटाला रॉबिन्सन पाडू शकला नव्हता, तो दोरांना टेकून हात खाली घेऊन मार खात उभा राहिला आणि चौथ्या राउंडला पंचांनी लढत थांबवली.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, नुरा कुस्ती. आजकाल हा शब्द राजकारणाच्या बातम्यांतच वाचायला मिळतो, पण मूळ आखाड्यातला. ठरवून केलेली कुस्ती. गावच्या जत्रेत लोकांना ती दोन मिनिटांत ओळखू येते आणि मग जी हुर्यो उडते ती ऐकण्यासारखी असते. न्यूयॉर्कच्या लोकांनाही ओळखू आली. चौकशी बसली. लामोटाने सांगितलं, मला आधीच दुखापत होती, ती मी लपवली. त्याबद्दल १,००० डॉलर दंड आणि सात महिने बंदी. नुरा कुस्तीचा आरोप सिद्ध झाला नाही.

बिचाऱ्या फॉक्सचं काय झालं? मार्च १९४८ मध्ये त्याला लाइट हेवीवेटच्या विजेत्याशी, गस लेस्नेविचशी लढत मिळाली आणि तो पहिल्याच राउंडला आडवा झाला. त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं का, की आपल्या आधीच्या किती लढती खऱ्या होत्या?

सिनेमात ही लढत फार थोडक्यात आहे. लढतीनंतर कपडे बदलायच्या खोलीत लामोटा लहान मुलासारखा हुंदके देतो. बायकोला मारताना न रडणारा माणूस हरल्याचं सोंग केलं म्हणून रडतो. (एक योगायोग. 'रेजिंग बुल' न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला तो दिवस १४ नोव्हेंबर १९८०. त्या लढतीला बरोबर ३३ वर्षं. आपल्याकडे बालदिन, हा आणखी एक योगायोग, त्यात अर्थ शोधू नये.)

वाकण्याचं फळ मिळायला आणखी दीड वर्ष लागलं, आणि वर २०,००० डॉलर मोजावे लागले. हे दोन्ही त्याने १९६० मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर स्वतःच कबूल केलं. १६ जून १९४९ रोजी डेट्रॉइटला विजेता मार्सेल सर्दां याच्याशी लढत झाली. सर्दां जन्माने अल्जीरियातला, वाढला कासाब्लांकात, आणि फ्रान्सचा गळ्यातला ताईत. गायिका एदिथ पियाफ त्याच्या प्रेमात. पहिल्याच राउंडमध्ये झटापटीत सर्दां पडला आणि त्याचा खांदा निखळला. एका हाताने तो नऊ राउंड लढला. दहाव्याला उठला नाही. लामोटा जगज्जेता झाला.

परतीची लढत ठरली होती. तिच्यासाठी अमेरिकेला येताना २८ ऑक्टोबर १९४९ रोजी सर्दांचं विमान अझोर्स बेटांवरच्या डोंगरावर कोसळलं. विमानातले सगळे, ४८ जण, गेले. हे सिनेमात नाही. स्कॉर्सेसीने का वगळलं असेल याचा मी बराच विचार केला. एक तर, त्याला लामोटाच्या डोक्याबाहेरचं जग दाखवायचंच नव्हतं. दुसरं म्हणजे, हा प्रसंग घातला असता तर प्रेक्षकाची सगळी सहानुभूती सर्दांकडे गेली असती आणि परत आली नसती.

आता सहावी लढत. १४ फेब्रुवारी १९५१, शिकागो. व्हॅलेंटाइनचा दिवस. याच शहरात १९२९ साली याच दिवशी गुंडांच्या टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या. त्यामुळे वर्तमानपत्रांनी या लढतीलाही 'व्हॅलेंटाइन दिनाचं हत्याकांड' हेच नाव दिलं. लामोटाने वजन उतरवण्यासाठी अंगातलं पाणी काढलं होतं. आठ-नऊ राउंड बरा टिकला, मग संपला. पुढचे चार राउंड रॉबिन्सन त्याला नुसता मारत होता आणि तो पडत नव्हता. तेराव्या राउंडला पंचांनी थांबवलं. विजेतेपद गेलं, पण लामोटा उभा होता. सहा लढतींत रॉबिन्सनने आपल्याला एकदाही पाडलं नाही, हे त्याने मरेपर्यंत मिरवलं.

सिनेमातला तो प्रसंग ज्याने पाहिला असेल तो विसरणार नाही. रक्ताने माखलेला चेहरा, सुजून बंद झालेले डोळे, आणि हा अडखळत रॉबिन्सनच्या कोपऱ्याकडे जातो, तू मला पाडू शकला नाहीस हे ऐकवायला. कॅमेरा हळूहळू दोरावर येतो. दोरावरून रक्त थेंब थेंब गळत असतं. (ते चॉकलेटचं सरबत होतं असं सांगतात. कृष्णधवलमध्ये छान दिसतं.)

सिनेमा इथं एक लबाडी करतो. लामोटा पुढे पडला होता. ३१ डिसेंबर १९५२ रोजी फ्लोरिडात डॅनी नार्डिको नावाच्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या मुष्टियोद्ध्याने त्याला सातव्या राउंडला जमिनीवर आणलं आणि आठव्याला लढत संपली. ही लढत सिनेमात नाही. १९५४ मध्ये लामोटा निवृत्त झाला, तोही सिनेमात पडत नाही.

"आमचा म्हातारा कधी पाठ टेकला नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. फेट्यातल्या फोटोखाली बसून सगळे काका हे सांगायचे. आजोबा जत्रांमधून कुस्त्या मारायचे, नारळ घेऊन यायचे, आणि एकदा म्हणे खासबागेच्या मैदानातही उतरले होते. पाठ टेकली नाही म्हणजे नेमकं कुठवरचं, हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घराण्याच्या गोष्टींतही एखादा नार्डिको गाळलेला असतोच.

असो. सिनेमाकडे परत येतो.

लामोटाचं आत्मचरित्र १९७० साली आलं. बालमित्र पीटर सॅव्हेज त्याचा एक सहलेखक. 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळी रॉबर्ट डी निरोने ते वाचलं आणि मित्र मार्टिन स्कॉर्सेसीच्या मागे लागला. स्कॉर्सेसीला खेळात काडीचा रस नव्हता. लहानपणापासून दम्याचा रुग्ण, मैदानावर कधी गेलेलाच नाही. तो नाही म्हणत राहिला. मग त्याचा 'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क' आपटला, माणूस नशेत बुडाला आणि १९७८ मध्ये मरता मरता वाचून इस्पितळात पडला. डी निरो तिथं भेटायला गेला, पुन्हा तोच विषय काढला. या वेळी स्कॉर्सेसी हो म्हणाला. स्वतःच्या हाताने स्वतःची राख करणारा माणूस म्हणजे काय, ते त्याला आता कळलं होतं. हा आपला शेवटचा सिनेमा, असं धरून त्याने तो केला.

पैसा आला तो आयर्विन विंकलर आणि रॉबर्ट चार्टॉफ या निर्मात्यांमुळे. हे दोघं 'रॉकी'चे निर्माते! 'रॉकी' १९७६ सालचा, त्यातला गरीब बिचारा मुष्टियोद्धा सगळ्यांना आवडतो. त्याच पैशाच्या जोरावर असा एक मुष्टियोद्धा पडद्यावर आला, जो कुणालाच आवडू नये.

डी निरोच्या वजनाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. आधी खुद्द लामोटाकडून महिनोन् महिने शिकला. मग तरुणपणीच्या लामोटाचं चित्रीकरण झाल्यावर काम थांबवून इटली-फ्रान्समध्ये खात सुटला आणि सुमारे २७ किलो वाढवून परत आला. ऑस्कर मिळालं. दुसरं ऑस्कर संकलक थेल्मा स्कूनमेकरला. आठ नामांकनांतली ही दोनच. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शक हे दोन्ही त्या वर्षी रॉबर्ट रेडफोर्डच्या 'ऑर्डिनरी पीपल'ला गेले. गल्ल्यावरही चित्रपट बेताचाच चालला.

मला मात्र वजनापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. दोन तास नऊ मिनिटांच्या या सिनेमात रिंगमधली दृश्यं अगदी थोडी आहेत, आणि मायकल चॅपमनचा कॅमेरा तिथं दोरांच्या आत आहे. प्रेक्षक खुर्चीत बसून लढत बघत नाही, तो मार खातो. रिंग कधी ऐसपैस, कधी कोंडल्यासारखी. ठोशांच्या आवाजांसाठी टरबुजं फोडली आणि जनावरांचे आवाज मिसळले. बाकी सगळा सिनेमा स्वयंपाकघरात, जिन्यात, झोपायच्या खोलीत घडतो. आणि तिथला आवाज अगदी साधा आहे. रिंगमधला मार नाटकी वाटतो. घरातला मार खरा वाटतो. माझ्या मते सिनेमाचा खरा विषय हाच आहे, बॉक्सिंग निमित्ताला.

त्यातला एक प्रसंग. विजेतेपद मिळालेलं आहे, पोट सुटलंय, लामोटा टीव्हीचं चित्र नीट करत बसलाय. धाकटा भाऊ जोई (जो पेशीने काय काम केलंय!) समोर. बोलता बोलता संशय सुरू होतो. बायको विकी कुठं होती, कुणाशी बोलत होती, तू गप्प का बसलास. मग तो वर जातो, न्हाणीघराचं दार तोडतो, तिला मारतो. तिथून भावाच्या घरी जातो आणि जेवायला बसलेल्या भावाला त्याच्या बायकोपोरांदेखत तुडवतो. मागून धावत आलेल्या विकीलाही सोडत नाही. (इतिहासात थोडा फरक आहे. पटकथेने पीटर सॅव्हेजला गाळून त्याच्या वाट्याचं बरंच काही जोईच्या माथी मारलं. खऱ्या जोईने त्याबद्दल दावाही लावला होता.)

हा सिनेमा मी पहिल्यांदा बाबांबरोबर पाहिला. सुट्टीला घरी गेलो होतो, डीव्हीडी घेऊन गेलो होतो. बाबांना कुस्ती, बॉक्सिंग सगळ्याची आवड, म्हटलं खूश होतील. रॉबिन्सनच्या पहिल्या लढती त्यांनी पुढं सरकून पाहिल्या, "काय खातोय मार गडी" वगैरे चाललं होतं. न्हाणीघराच्या दाराशी ते उठले. पाणी प्यायला गेले असतील असं मला वाटलं. ते अंगणात जाऊन बसले आणि सिनेमा संपेपर्यंत आत आले नाहीत.

मी काही विचारलं नाही. पण त्या रात्री आजीची डावी भुवई मला पहिल्यांदा नीट आठवली. मधोमध केस नसलेली, पांढरी रेघ. आम्ही नातवंडं विचारायचो तेव्हा ती म्हणायची, "गोठ्यात पडले रे." गोठ्यात पडलेल्या माणसाचा करंगळीचा सांधाही वाकडा असतो का, हे विचारण्याइतकी अक्कल आम्हाला नव्हती. पुढे बाबा गेल्यावर आत्याने एकदा सांगितलं. फार नाही, चार वाक्यं. कुस्ती सुटल्यावरच्या दिवसांबद्दल. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि दाराला आतून कडी लावून धाकट्या बहिणीला धरून बसायचे. ती धाकटी बहीण म्हणजे आत्या.

(आत्या, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. तुला विचारूनच लिहिलंय, तरी शेवटच्या क्षणाला नको वाटलं तर फोन कर.)

लामोटाच्या बाबतीत एक बरं आहे, की त्याने स्वतःच सांगून टाकलं. नुरा कुस्ती, बायकांना मारणं, सगळं. सिनेमा पाहिल्यावर त्याने विकीला विचारलं म्हणे, मी खरंच असा होतो का? त्यावर ती म्हणाली, याहून वाईट होतास. तोवर त्यांचा घटस्फोट होऊन वीसेक वर्षं झाली होती. ही गोष्ट त्याने स्वतः मुलाखतींतून सांगितली, हसत हसत. ते हसणं मला सहन होत नाही हे खरं. पण तिचं उत्तर त्याने गाळलं नाही, हेही खरं.

निवृत्तीनंतर मायामी बीचला त्याने नाइटक्लब काढला. तिथं एका अल्पवयीन मुलीची पुरुषांशी गाठ घालून दिल्याच्या आरोपाखाली सहा महिने सक्तमजुरी झाली. सिनेमात तो कोठडीत भिंतीवर डोकं आणि मुठी आपटतो, आणि पहिल्यांदाच समोर मारायला दुसरं कुणी नसतं. सिनेटसमोरच्या कबुलीनंतर बॉक्सिंगवाल्यांनी त्याला वाळीत टाकलं. १९६५ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉबिन्सनचा निरोप समारंभ झाला, जुने प्रतिस्पर्धी रिंगमध्ये आले, त्यात सहा वेळा लढलेला लामोटा नव्हता. तो क्लबांतून विनोद सांगत फिरत होता.

सिनेमा तिथंच संपतो. सुटलेला, जाड लामोटा आरशासमोर 'ऑन द वॉटरफ्रंट'मधलं मार्लन ब्रँडोचं भाषण म्हणतो. त्यातला मुष्टियोद्धा आपल्या थोरल्या भावाला म्हणतो की तुझ्यामुळे मी लढत सोडली, माझं वाटोळं झालं. लामोटा हे अगदी सपाट आवाजात म्हणतो. तो भावाला दोष देतोय का आरशातल्या माणसाला, हे स्कॉर्सेसी सांगत नाही. मी चार वेळा पाहिला, प्रत्येक वेळी मत बदललं.

खरा लामोटा त्यानंतर कितीतरी वर्षं जगला. सात लग्नं केली. १९९८ मध्ये एकाच वर्षात दोन मुलगे गेले, थोरला कर्करोगाने फेब्रुवारीत, दुसरा सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या किनाऱ्याजवळ पडलेल्या स्विसएअरच्या विमानात. रॉबिन्सन १९८९ मध्येच गेला होता. लामोटा गेला १९ सप्टेंबर २०१७ रोजी, ९५ वर्षांचा होऊन.

आजोबा ८१ व्या वर्षी गेले, झोपेत. आम्हा नातवंडांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. आंब्याच्या दिवसांत बाठा स्वतः खायचे आणि फोडी आम्हाला द्यायचे. तेही खरंच आहे आणि तेही लेखात जाईल.

काल बसून लेख पूर्ण केला. दोन पानं आणि वर सात-आठ ओळी. कुस्त्या आहेत, नारळ आहेत, खासबाग आहे, खुराक आहे. शेवटच्या सात-आठ ओळी आजीवर आहेत, तिच्या नावासकट, भुवईसकट. चुलतभाऊ हा ब्लॉग वाचतो. तेव्हा इथंच सांगून ठेवतो, पोरा, जागा कमी पडली तर खुराकाचा परिच्छेद काढ. आणि फोटो एकट्या आजोबांचा नको. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोघांचा एक आहे, बघ सापडतो का.